तहानेचा खेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं की, "तू इंजिनिअर आहेस, तर संगणक क्षेत्राबद्दल काहीतरी बोल." संगणक क्षेत्राबद्दल आजकाल सगळेच बोलतात. म्हणून मी त्यातला एक छोटासा तुकडा उचलला आहे. मी आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसतेय. बाई, पंधरा-वीस मिनिटं द्या. शेवटी आपण आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन पोचणार आहोत.

गेमचं नाव 'फॉलआउट ३'. अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीने तो ऑक्टोबर २००८ मध्ये आणला. त्याची गोष्ट अशी. २०७७ साली अणुयुद्ध झालं आणि दोन तासांत जग बेचिराख झालं. काही लोक जमिनीखाली बांधलेल्या प्रचंड तळघरांत जाऊन वाचले. त्या तळघरांना 'व्हॉल्ट' म्हणतात. आपण ज्या माणसाची भूमिका करतो तो त्यानंतर दोनशे वर्षांनी, अशाच एका व्हॉल्टमध्ये वाढतो आणि एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडतो. बाहेर म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या अवशेषांत. पुढे कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला मदत करायची, हे आपण ठरवायचं. याला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे मोकळं रान. समोर डोंगर दिसला तर चालत त्या डोंगरावर जाता येतं. कुणी अडवत नाही. वाटेत कुणी खाल्लं तर तो आपला प्रश्न.

हा खेळ सतरा वर्षांच्या वरच्यांसाठी आहे, कारण त्यात मारामारी आणि रक्तपात भरपूर आहे. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला मी अजून तो दिलेला नाही, हे इथल्या आईबापांसाठी सांगून ठेवते.

शिक्षकांना आवडेल असा एक प्रसंग आधी सांगते. व्हॉल्टमध्ये शाळा आहे. सोळाव्या वर्षी प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यावरून पुढे आयुष्यभर कोणतं काम करायचं ते ठरतं. आपल्या दहावीसारखंच. त्या परीक्षेचा शेवटचा प्रश्न असा आहे की, व्हॉल्टमधली सर्वात महत्त्वाची व्यक्ती कोण? खाली चार पर्याय. चारही पर्यायांत एकच उत्तर, ते म्हणजे व्हॉल्टचा प्रमुख. मी हा प्रश्न पाहिला तेव्हा खूप हसले. आणि गंमत म्हणजे परीक्षा घेणारे सर इतके दयाळू आहेत की, "नको असेल तर देऊ नकोस, तुला काय व्हायचंय ते सांग, मी लिहून टाकतो," असंही म्हणतात. असे सर आपल्याला मिळाले नाहीत आणि त्यामुळेच आपण कुठेतरी पोचलो, असं मी गणिताच्या सरांकडे बघून म्हणते.

आता हा खेळ भारतात कसा आला, किंवा आला नाही, ते ऐका. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की, सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन एक्सबॉक्स ३६० वरचा हा खेळ भारतात विकायचा नाही. नेमकं कारण सांगितलं नाही. लोकांनी तर्क केला तो गाईंचा. या खेळात किरणोत्सर्गामुळे दोन डोक्यांच्या झालेल्या गाई आहेत आणि त्यांचं नाव आहे 'ब्राह्मिन'. हे नाव आलं कुठून? अमेरिकेत 'ब्राह्मन' नावाची गुरांची खरीखुरी जात आहे. उन्हाला आणि गोचिडांना न डगमगणारी, वशिंडाची. ती तयार झाली एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडून नेलेल्या गुरांपासून. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या शेजारची कृष्णाखोऱ्याची गुरं. म्हणजे आपलीच गाय अमेरिकेत गेली, तिथे तिला नाव मिळालं, त्या नावाला खेळात दोन डोकी फुटली, आणि परत यायच्या वेळी ती वेशीवरच अडली. मी हा खेळ पुढे काही वर्षांनी संगणकावर खेळले.

तसाच दुसरा एक शब्द परत आला आहे. 'कर्मा'. या खेळात तुम्ही चोरी केली की कर्म खाली जातं, कुणाला मदत केली की वर जातं. आपल्याकडे त्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवतो. तिथे तो संगणक ठेवतो. आणि कर्म वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता आहे, माहीत आहे? तहानलेल्याला पाणी देणं.

हाच माझा आजचा मुद्दा आहे. लोक या खेळाला बंदुकांचा खेळ समजतात. मला तो पाण्याचा खेळ वाटला, आणि याचं कारण मी आष्टीची आहे.

नीट बघा. या मालिकेचा पहिला भाग १९९७ साली आला. त्याची सुरुवात कशाने होते? व्हॉल्टमधलं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची एक चिप जळते. १५० दिवसांत नवी चिप आणली नाही तर सगळे तहानेने मरणार. मध्येच जमलं नाही तर पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टला पाणी पाठवता येतं, आणि मुदत १०० दिवसांनी वाढते. याला आपण काय म्हणतो? टँकर. दुसरा भाग १९९८ चा. त्यात एक खेडं आहे, तिथे दुष्काळ पडलाय, पिकं जळताहेत, गुरं मरताहेत, आणि गावातल्या एका तरण्या पोराला किंवा पोरीला उपाय शोधायला बाहेर पाठवतात. परतूर तालुक्यातल्या कुणाला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल का? आणि तिसऱ्या भागात नायकाचे वडील हे शास्त्रज्ञ आहेत. त्यांचं एकच स्वप्न आहे, पोटोमॅक नदीचं दूषित पाणी शुद्ध करून सगळ्यांना फुकट द्यायचं. बंदुका, राक्षस, यंत्रमानव ही वरची सजावट. मुळात तीन खेळ, आणि तिन्हींच्या मुळाशी पाणी.

तिसऱ्या भागात पाणी कसं वापरलं आहे तेही सांगते, कारण त्यात कारागिरी आहे. नळ आहेत, डबकी आहेत, नदी आहे. कुठलंही पाणी पिता येतं. प्यायलं की जखम थोडी भरते, पण अंगात किरणोत्सर्ग साठतो. म्हणजे पाणी सगळीकडे आहे आणि पिण्याजोगं कुठेच नाही. शुद्ध पाणी बाटलीत मिळतं आणि ते मोजकं असतं. मेगॅटन नावाच्या गावाच्या फाटकाबाहेर एक माणूस बसलेला असतो. तो पैसे मागत नाही. पाणी मागतो. आपल्याजवळ चार बाटल्या असतात आणि पुढे रात्रभर चालायचं असतं. खेळ काहीच बोलत नाही. आपणच उभं राहून हिशेब करत बसतो.

त्याच गावात एक म्हातारा गृहस्थ पाण्याचं यंत्र सांभाळतो. त्याला आता पूर्वीसारखं फिरणं जमत नाही आणि गावातल्या पाइपांना तीन ठिकाणी गळती लागली आहे. ती शोधून बुजवायची, एवढंच काम. त्यात ना लढाई, ना शौर्य. पण मला विचाराल तर अख्ख्या खेळातलं सर्वात महत्त्वाचं काम तेच.

हा खेळ मी खेळले तो २०१३ चा उन्हाळा होता. तो उन्हाळा इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. आधीच्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि जालना जिल्हा होरपळून निघाला होता. आपल्याकडची मोठी माणसं बहात्तरच्या दुष्काळाशी त्याची तुलना करायची. बहात्तरला खायला नव्हतं, रोजगार हमीवर खडी फोडायची, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढायचे, पण विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं. या वेळी दुकानात धान्य होतं, पाणीच नव्हतं. असं माझी आजी सांगायची.

मी पुण्यात होते. रात्री मुलगा झोपला की खेळ लावायचे आणि बाटल्या मोजायचे. सकाळी वडिलांचा फोन यायचा, ते टँकर मोजायचे. आमची मोसंबीची बाग होती, तीनशे झाडं, बारा वर्षांची. जालन्याच्या मोसंबीचं नाव मोठं आहे, पण तिची तहानही मोठी आहे. एप्रिलमध्ये वडिलांनी ठरवलं की सगळी झाडं जगवायला गेलो तर सगळीच जातील. त्यांनी विहिरीच्या जवळची ऐंशी ठेवली. बाकीची तोडली. शेजारच्यांनी सरपणाला नेली. वडील मला फोनवर एवढंच म्हणाले, "ऐंशी राहिली." दोनशेवीस गेली असं ते म्हणाले नाहीत.

खेळात असे निर्णय पदोपदी येतात आणि ते पुन्हा करता येतात. जुन्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करायचं, दुसरा पर्याय निवडून बघायचा. मी एकेक निर्णय तीन-तीनदा घेऊन बघितला. वडिलांना एकदाच घ्यायचा होता. खेळ आणि जगणं यातला हा फरक मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या महिन्यात जास्त कळला.

शेतकऱ्याची मुलगी म्हणून या खेळावर माझा एक मोठा आक्षेपही आहे. युद्धाला दोनशे वर्षं झाली, तरी लोक युद्धाआधीचे डबे शोधून खाताहेत! दोनशे वर्षांत कुणी चार काकऱ्या पाडल्या नाहीत? एका मोडक्या जहाजावरच्या प्रयोगशाळेत पाण्यावर थोडा भाजीपाला वाढवतात, तेवढंच. आपल्या भागात दुष्काळ पडला आणि पुढच्या जूनला ढग दिसले तर माणूस उधारीवर बी आणून पेरतो. दुबार पेरणीची वेळ आली तर पुन्हा पेरतो. हा खेळ लिहिणाऱ्यांना मोडलेलं जग छान रंगवता आलं, पण मोडलेल्या जगात माणूस सर्वात आधी काय करतो ते दिसलं नाही. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या भागात त्यांनी ते सुधारलं. त्यात वस्ती वसवता येते, पेरता येतं, हापसा बसवता येतो. एका हापशावर तीन माणसांची तहान भागते असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडे एका हापशावर अख्खी गल्ली असायची, ते असो.

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. या खेळाच्या एका पुरवणीत आगगाडीचा प्रवास आहे. पण ज्या प्रणालीवर हा खेळ बांधला होता तिच्यात चालणारी वाहनं नव्हतीच. मग त्या अभियंत्यांनी काय केलं? आगगाडीचा डबा हा अंगावर घालायचा कपडा म्हणून बनवला आणि तो पात्राला घातला. बघणाऱ्याला वाटतं गाडी पळतेय, प्रत्यक्षात डबा घातलेला माणूस रुळांवरून सरकतोय. परतूर स्टेशनवर गाडीत जागा मिळाली नाही तर आपणही काय काय केलं आहे! जुगाड हा फक्त आपलाच गुण नाही, एवढंच सांगायचं होतं.

आता गोष्टीच्या शेवटाकडे येते. वडिलांचा पाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प अखेर तयार होतो. पण तो चालू करायला जी खोली आहे ती किरणोत्सर्गाने भरलेली असते. आत जाईल तो मरणार. २००८ च्या मूळ खेळात बलिदान झालं की पडदा पडायचा. पाणी शुद्ध झालं, संपलं. लोक नाराज झाले. कारण शेजारी असा एक साथीदार उभा असू शकतो ज्याला किरणोत्सर्गाचा काहीही त्रास होत नाही, आणि तोसुद्धा म्हणतो, हे तुझं नशीब आहे, तूच जा. खेळणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. २००९ मध्ये कंपनीने पुरवणी काढली, त्यात तो साथीदार आत जायला तयार होतो आणि गोष्ट पुढे चालू राहते.

माझ्या मते खरा खेळ तिथून सुरू होतो. पाणी शुद्ध झालं, आता वाटायचं कसं? बाटल्यांचे तांडे निघतात, ते वाटेत लुटले जातात. एक बाई ते चांगलं पाणी पुन्हा दूषित करून भक्तांना तीर्थ म्हणून पाजते. एक ठग साधं घाण पाणी बाटलीत भरून, मिळतंजुळतं नाव छापून विकतो. फाटकाबाहेरचा तहानलेला माणूस तांड्याच्या वाटेवर नसेल तर त्याला पाणी पोचतच नाही. वीस वर्षं खपून, जीव देऊन यंत्र चालू झालं आणि आता वाटप, राखण, तपासणी, हिशेब, या कंटाळवाण्या गोष्टींवर सगळं अडलं.

मित्रहो, हे आपण टीव्हीशिवाय पाहिलेलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या गाडीचे फोटो सगळ्यांनी काढले. पण स्टेशनातलं पाणी गल्लीतल्या शेवटच्या घरात कसं पोचलं, त्याचा फोटो कुणाकडे नाही. याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जालन्याजवळच्या कडवंचीत नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं. विजयअण्णा बोराडे यांचं मराठवाडा शेती सहाय्य मंडळ त्यात होतं. बांधबंदिस्ती, चर, नाल्यावरचे बंधारे, पुढे शेततळी. असे बंधारे आणखीही बऱ्याच गावांत झाले. कडवंचीचं नाव राहिलं, कारण कार्यक्रम संपल्यावरही गाव ते काम आपलं म्हणून सांभाळत राहिलं. आज तिथे द्राक्षं आहेत.

आता आपल्या टाकीपाशी येते. या मेळाव्याच्या निमित्ताने आपल्या बॅचने शाळेला पाणी शुद्धीकरणाचं यंत्र द्यायचं ठरवलं आहे. पैसे जमले आहेत, यंत्र पुढच्या आठवड्यात येईल, त्यावर पाटीही लागेल. बोअरचं पाणी किती क्षारांचं आहे ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण हापसून प्यायलो, तेव्हा पर्याय नव्हता. आज गावात जारवाला येतो, ज्याला परवडतं त्याच्या घरी जार उतरतो, आणि शाळेत येणारं पोर घरून बाटली आणतं. ज्याच्या घरी जार नाही ते पोर शाळेच्या नळाला तोंड लावतं. यंत्र त्याच्यासाठी आहे.

पण मी इंजिनिअर आहे आणि माझ्या नोकरीत मी एक गोष्ट रोज बघते. नवी प्रणाली बसवायला सगळे उत्साहाने येतात. सहा महिन्यांनी तिची देखभाल कुणाकडे आहे असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. त्या यंत्राचा फिल्टर ठरावीक मुदतीने बदलावा लागेल. आतली पातळ जाळी क्षारांनी भरते, तीही बदलावी लागेल. वीज गेली, मोटार जळली, टाकीत शेवाळ धरलं, तर कुणीतरी बघावं लागेल. हे झालं नाही तर दोन वर्षांनी आपली पाटी चकचकीत असेल आणि नळ कोरडा असेल.

या खेळात एक उपकथा आहे, तिचा इथे संबंध आहे. नायक बाहेर जग बघत असतो आणि एक दिवस रेडिओवर त्याला त्याच्या बालमैत्रिणीचा निरोप ऐकू येतो. व्हॉल्टमध्ये भांडणं पेटली आहेत, ये. दाराचा नवा संकेतशब्द म्हणून तिने स्वतःचंच नाव ठेवलेलं असतं, कारण ते त्याला नक्की आठवेल. तो जातो, भांडण मिटवतो. ती नवी प्रमुख होते. आणि मग त्याला म्हणते, उपकार झाले, पण आता तू इथे राहू शकत नाहीस. पहिल्यांदा मला हे फार कठोर वाटलं. नंतर वाटलं, ती बरोबर आहे. बाहेरून आलेला माणूस एक दिवसाचं काम करू शकतो. रोजचं काम तिथे राहणाऱ्यांचंच असतं.

आपणही उद्या सकाळी पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला परत जाणार. म्हणून माझी सूचना साधी आहे. यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम वेगळी ठेवू, फक्त देखभालीसाठी. ती बाहेरगावी राहणाऱ्यांनी द्यायची. आणि आपले जे मित्र-मैत्रिणी आष्टीतच आहेत, ज्यांची मुलं याच शाळेत आहेत, त्यांच्यापैकी चौघांनी देखरेख करायची. खर्चाचा निर्णय त्या चौघांचा, आम्ही पुण्यातून फोन करून ढवळाढवळ करायची नाही. दर महिन्याला पाणी तपासून आकडा फळ्यावर लिहायचं काम आठवी-नववीच्या मुलामुलींना द्यावं, अशी विज्ञानाच्या बाईंना माझी विनंती आहे. क्षार मोजायचं छोटं यंत्र मी सोबत आणलं आहे. पेनाएवढं आहे, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पोरांना आवडेल, त्यांना तो गेमच वाटेल.

बाई, सर, तुम्ही आम्हाला जे शिकवलं त्यातलं पुष्कळसं आम्ही विसरलो. पण पाणी प्यायच्या आधी ओळीत उभं राहायचं आणि लहान वर्गांना पुढे सोडायचं, हे अजून लक्षात आहे.

देखभाल निधीची वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर रकमेसाठी रकाना आहे, दुसऱ्या पानावर गावातल्या चौघांच्या नावांसाठी चार ओळी आहेत. जेवणाआधी दोन्ही पानं भरली तर बरं होईल.